दुसरा कौल

आमच्या वर्गात पाच जण होतो, आणि चीन-जपान-कोरिया शिकून तू करणार काय, या प्रश्नाला पाचांपैकी एकालाही सरळ उत्तर देता आलं नसतं. पणजीजवळच्या एका संस्थेत पूर्व आशियाई अभ्यासाचा एम.ए. नव्यानं सुरू झाला होता, दोन वर्षांचा. गावात कुणी विचारलं की मी सुरुवातीला सगळं नीट समजावून सांगायचे. समोरचा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हणजे चायनीज. हाटेल घालूचा आसा काय?" पेडण्याच्या बस स्टँडवर हे इतक्यांदा झालं की शेवटी मी होय म्हणायला लागले. होय म्हटलं की बस येईपर्यंत तरी शांतता मिळायची.

मला तिथं कुणी ओढत नेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची ओढ नव्हती. इतिहासाला जागा मिळाली नाही आणि घरी बसायचं नव्हतं, एवढंच. घरी बसलेली मुलगी आमच्या गावात उठते ती थेट बोहल्यावर चढायला. पण वर्ग सुरू झाले आणि त्या चिनी अक्षरांचा मला नाद लागला. एका चौकोनात आठ-दहा रेघा, आणि प्रत्येक रेघेचा क्रम ठरलेला. आधी वरची मग खालची, आधी डावी मग उजवी. माझा हात रांगोळीत बसलेला, त्यामुळे ती मला जमली. शाळेपासून कॉलेजपर्यंत मी कायम मधल्या बाकावरची. इथं मात्र बाई माझी वही उचलून सगळ्यांना दाखवायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी पहिली आले होते, आणि त्याची चटक वाईट असते.

बाकीचे चौघे चार दिशांचे. सगळ्यांत मोठा साखळीकडचा ट्रकवाला. त्याला आम्ही दादा म्हणायचो. खाणी चालू होत्या तेव्हा त्याचे ट्रक खनिज घेऊन नदीवरच्या धक्क्यापर्यंत जायचे, तिथून बार्ज, बार्जमधून जहाज आणि जहाज चीनला. खाणी बंद पडल्या तसे ट्रक दारात उभे राहिले आणि पावसाळ्यात त्यांच्या टायरांवर वेली चढल्या. बायको शाळेत शिकवायची म्हणून घर चाललं होतं. पहिल्या दिवशी ओळख करून देताना तो म्हणाला, "आमचो अर्धो डोंगर त्यांच्या घरा गेलो. कोण ती माणसां, बघूया तरी." बाई हसल्या. दादा हसला नाही.

बार्देशातली एक सिस्टर होती. तिच्या धर्मसंघाचं कोरियात काम होतं, तिथली एक म्हातारी सिस्टर थकली होती आणि तिच्या जागी हिला पाठवायचं ठरलं होतं. हिला कोरियाला जायचं नव्हतं. हे तिनं फक्त मला सांगितलं, तेही कँटीनमध्ये पावाला लोणी लावता लावता. "मग नाही म्हण ना," मी म्हटलं. ती म्हणाली, "आज्ञा म्हळ्यार आज्ञा," आणि पाव तोंडात घातला. मला तिचा तेव्हा रागच आला होता.

तिसरी म्हापशातल्या कापडदुकानदाराची सून. चाळिशी उलटलेली, सगळ्यांची वहिनी. कोरियन मालिका बघून बघून ती इथवर पोचली होती. सासऱ्यांना मात्र सांगितलं होतं की धंद्याला उपयोग होईल. कोरियातल्या सासवा गोव्यातल्या सासवांपेक्षा वाईट असतात, असं तिचं ठाम मत होतं आणि दोन्हीकडचा तिचा अभ्यास दांडगा होता.

आणि चौथा तो. त्याचे वडील सिंधुदुर्गातून डिचोलीच्या खाणीवर मशीन चालवायला आले आणि तिथंच राहिले. तो खाणीच्या चाळीत वाढला. गावाकडे घर होतं, देव होता, पण चतुर्थीला चार दिवस गेला तर गेला. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला तो पहिलाच. त्याचा विषय होता तैवानमधली देवळं आणि तिथले लोक देवाला प्रश्न कसे विचारतात ते. तैवान त्यानं नकाशाबाहेर पाहिलं नव्हतं, पण बोलायला लागला की वाटावं हा आत्ताच तिथल्या देवळातून पाय धुऊन आला आहे. पुस्तकात वाचलेलं सगळं त्याला खरं वाटायचं. तो मला आवडायचा. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी ओळींमधून शोधत बसायला नको.

पहिलं वर्ष संपताना बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की पाचापेक्षा कमी मुलं असतील तर दुसरं वर्ष चालवायचं नाही, असं वरून आलं आहे. "तेव्हा सुट्टीत कुणी आजारी पडू नका," बाई म्हणाल्या. आम्ही हसलो. वहिनी म्हणाली, "पडले तरी खाटेसकट येईन." गळणार कोण हे तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मी घरी आले तेव्हा काजूचा हंगाम संपत आला होता आणि घरात एक स्थळ येऊन बसलं होतं. सावंतवाडीकडचं घर, मुलगा तुयेंच्या एका कारखान्यात नोकरीला. सगळं चांगलं होतं, हेच वाईट होतं. नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांना तुळशीची लग्नं झाली की लगेच लग्न हवं होतं, आणि मुलीनं आता पणजीला खोली घेऊन राहू नये अशी त्यांची इच्छा होती. इच्छा हा शब्द त्यांचा.

माझे बाबा शेतकरी. थोडी भातशेती, डोंगराच्या उताराला काजू, आणि कुठलाही मोठा निर्णय देवाला विचारल्याशिवाय न घेणारा माणूस. आमच्याकडे त्याला कौल लावणं म्हणतात. गुरव देवाच्या ओल्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी फुलांच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विहीर कुठं खणायची, काजूची बाग कुणाला द्यायची, बैल घ्यायचा की नाही, सगळं बाबांनी असंच ठरवलेलं. मला पणजीला पाठवतानाही काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं, की मुलीच्या जातीला चिनी शिकून काय उजेड पाडायचा आहे. बाबा देवळात गेले, कौल लावला, उजवी पडली. काका गप्प झाले. देवानं हो म्हटल्यावर आमच्या घरात कुणी वर तोंड करत नाही.

या खेपेलाही बाबा देवळात गेले. मी घरी जनेलापाशी उभी राहून पाणंदीकडे बघत होते. ते दुपार झाल्यावर आले, टोपी काढली, खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "देव बोलाक नाय."

एकही कळी पडली नव्हती. गुरवानं दुपारपर्यंत वाट पाहिली. कळ्या तिथंच चिकटून सुकल्या.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. बाबा नेहमीसारखे शेतावर जात होते, येत होते, जेवत होते आणि त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हते. मी आईला विचारलं की ती म्हणायची, "गप रव, तेंका सुचान दी." मी कागदावर अक्षरं काढत बसायचे. सगळ्यांत सोपं अक्षरसुद्धा वाकडं यायचं. नाव नोंदवायची मुदत संपत आली होती. मी नाही गेले तर मी एकटी बुडणार नव्हते. दादा, सिस्टर, वहिनी, तो, सगळ्यांना घेऊन बुडणार होते. शेवटी मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. सल्ला मागायला केला नव्हता. कुणाशी तरी बोलले नसते तर वेड लागलं असतं.

रविवारी दादाची जुनी जीप आमच्या दारात येऊन थांबली. पुढं दादाशेजारी झग्यातली सिस्टर, मागं वहिनी आणि तो. शेजारची काकी कुंपणापाशी आली आणि आईला हळूच म्हणाली, "गो, पोरीक बघूक इले काय? पण ही फादराची बाय कित्याक हाडल्यानी?" आईनं कपाळावर हात मारला.

बाबांनी त्यांना ओसरीवर बसवलं. मला वाटलं होतं बाबा चिडतील. ते चिडले नाहीत. घरी आलेल्या माणसावर चिडायचं नसतं, हा त्यांचा दुसरा धर्म. आईनं चहा केला, फणसाचे गरे ठेवले आणि ताटलीत सोललेल्या काजूच्या पाकळ्या ठेवल्या. मी दाराच्या आत उभी होते. सिस्टरनं कोंकणीतून आईच्या गुडघ्याची चौकशी केली. वहिनीनं ओसरी फार सुरेख सारवली आहे म्हणून सांगितलं. दादानं बाबांना विचारलं की यंदा काजूला दर काय मिळाला, आणि मग दोघं मिळून दराला शिव्या देत बसले. मूळ विषयाला कुणी हात घालेना. जिवावर बेतलेलं असताना ही माणसं फणस खात होती, आणि मला एकेकाचं डोकं फोडावंसं वाटत होतं.

मग तो म्हणाला, "काका, कौलाचां आयकलां. देव बोलूकच नाय मा?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुका कौल म्हायत आसा?"

"आमच्या गावाक आसा. पण मी कधी बघूक नाय," तो म्हणाला. "माका तैवानचो म्हायत आसा."

आणि त्यानं ताटलीतून काजूच्या दोन पाकळ्या उचलल्या. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं गोल, चंद्रकोरीसारख्या. तैवानच्या देवळात अशाच आकाराचे लाकडाचे दोन तुकडे असतात, तो म्हणाला, फक्त हाताएवढे मोठे. भक्त ते ओंजळीत धरतो, देवाला नाव-गाव सांगतो, प्रश्न विचारतो आणि जमिनीवर टाकतो. एक सपाट वर आणि एक गोल वर पडला तर होय. दोन्ही गोल वर आले तर नाही. त्यानं पाकळ्या सारवलेल्या जमिनीवर टाकल्या. एक सपाट पडली, एक गोल.

बाबा हसले. किती दिवसांनी हसले होते ते. "काय इचारलंस?"

"आणखी चाय मेळात काय म्हणून."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. बाबांनी स्वतः पाकळ्या हातात घेतल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि टाकल्या. पुन्हा टाकल्या. लहान मुलासारखे खेळत होते. "म्हणजे थंय पण इचारतत," ते म्हणाले. "मी समजत होतंय आमकांच ह्यां खूळ." त्यांना इतका आनंद झाला होता की मला वाटलं, झालं, आता हे आपणहून म्हणतील की जा बाय.

"आनी दोनय सपाट वर पडले तर?" बाबांनी विचारलं.

"तर देव हसता," तो म्हणाला. "म्हणजे प्रश्न वाकडो आसा. देवाक समजूक नाय. मगे सारको करून परत इचारूचो."

बाबांचा हात थांबला.

"तुमी काय इचारल्यात काका?"

बाबांनी आठवून अगदी तसंच सांगितलं. गुरवाकडून त्यांनी विचारून घेतलं होतं की पोरीचं भलं कशात आहे, शिकण्यात की लग्नात, ते सांग.

त्याचे डोळे असे चमकले, जणू बाईंच्या प्रश्नाचं उत्तर वर्गात पहिल्यांदा त्यालाच सुचलं होतं. "बघा! हे दोन प्रश्न झाले. देव होय म्हणता नाय तर नाय म्हणता. दोनातला एक निवड म्हटलां तर तो काय करतलो? गप रवतलो. एकच गोष्ट इचारा. ह्या वर्सा धाडूची काय नाय."

दादानं मान डोलावली. वहिनी म्हणाली, "बरोबर बोलता तो." मला त्याचा असा अभिमान वाटला होता की काय सांगू. एवढ्या पुस्तकांचा अखेर काहीतरी उपयोग झाला होता. आई हातात चहाची किटली घेऊन माझ्या शेजारी उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली, पण तेवढ्यात बाबांनी हातातल्या पाकळ्या ताटलीत ठेवल्या.

"खरां आसा," ते म्हणाले. "चूक माझी. फाल्यां सकाळी परत इचारतंय. तुमी पण येवा."

सोमवारी सकाळी चौघेही आले. वहिनीनं येताना नारळ आणि फुलं आणली होती, दादानं केळ्यांची फणी. सिस्टर देवळात शिरली नाही. बाहेर दीपमाळेपाशी उभी राहिली, हात झग्याच्या खिशात, ओठ हलत होते. तिच्या देवाला ती काय सांगत होती ते सांगायला नको. एका गावातल्या मुलीसाठी दोन धर्मांचे देव कामाला लावले होते आम्ही.

गुरवानं पाषाणावर पाणी ओतलं, कळ्या चिकटवल्या. बाबांनी त्याच्या कानात प्रश्न सांगितला, पुन्हा एकदा सांगितला, आणि त्याच्याकडून म्हणवून घेतला. मग गुरवानं आवाज चढवला. "बा म्हाराजा, गावच्या राखणदारा, तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो आसा. पोरीक ह्या वर्सा शिकाक धाडूची काय, ह्या एकच इचारता. धाडूची आसात तर उजवी दी, नाय तर डावी दी. घोळ ठेव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

"व्हय म्हाराजा," तोही म्हणाला. त्याचा आवाज बाबांपेक्षा मोठा होता.

वाट बघावी लागली नाही. गुरव हात जोडून मागं सरला आणि डावी कळी पडली. इतकी सहज, की मला आधी वाटलं पाण्याचा थेंब ओघळला. गुरवानं ती उचलून तळहातावर घेतली आणि बाबांपुढं धरली. बाबांनी ती कपाळाला लावली. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना उजवी हवी होती. माझ्याइतकीच हवी होती, हे मला त्या क्षणी कळलं.

तो पुढं झाला. "काका, एकदा पडली म्हणान झाला नाय. थंय मोठ्या गोष्टीक तीनदा इचारतत. तीनदा सारक्याच पडलां तरच मानतत. परत इचारा. काका, परत इचारा."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुमच्या थंयच्या देवाक तीनदा सांगूचा लागता," ते म्हणाले. "आमचो एकदा सांगता आनी माणूस आयकता."

आम्ही देवळाबाहेर आलो. वहिनी मला धरून रडली. सिस्टरनं माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. दादा जीपच्या चाकाकडे बघत उभा होता, जणू त्या चाकालाही आता वेल चढणार होती. आणि तो, डिचोलीचा, मागच्या सीटवर जाऊन बसला आणि त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. जीप पाणंदीच्या वळणाला गेली तरी मी उभीच होते. मला जायचं होतं. त्या जीपमध्ये चढायचं होतं. कुणी मला धरलं नव्हतं, कुणी बांधलं नव्हतं, आणि तरी माझे पाय हलले नाहीत.

घरी आल्यावर मी बाबांशी आयुष्यात पहिल्यांदा भांडले. जे तोंडाला आलं ते बोलले. "दगड आसा तो! ओली कळी आसली की चिकटतली, जड झाली की पडतली. त्या दगडाक काय कळता चीन आनी जपान? एका फुलाच्या कळयेन माझो जीव घेतल्यात!" आई मला गप्प करायला धावली. बाबा खांबाला टेकून बसले होते.

"गेल्या वर्सा उजवी पडली," बाबा म्हणाले, "तेव्हा दगड म्हणाक नाय तू."

त्याच दगडाच्या हुकमावर मी काकांच्या नाकावर टिच्चून पणजीला गेले होते. बाबांनी आता तो मोडला असता तर घरात, गावात, त्यांच्या स्वतःच्या मनात त्या पहिल्या होकाराचंही काही उरलं नसतं. हे मला समजत होतं. समजलं म्हणून दुःख रतीभर कमी होत नाही. मी भिंतीला डोकं आपटलं. खरंच आपटलं, टेंगूळ आलं.

आई मला आत घेऊन गेली, पाटावर बसवलं आणि टेंगळाला हळद लावता लावता म्हणाली, "तुका एक सांगान? बापाशीक म्हणा नको."

मी मान हलवली.

"तो तुका धाडतलो होतो."

मी तिच्याकडे बघत राहिले. आई हळदीच्या बोटाकडेच बघत होती.

"शनवारी माका म्हणालो. देव गप रवलो म्हणजे काय? नाय म्हणाक नाय मा? तेणां माझ्यारच सोपवल्यान. मगे पोरगी जाव दी. पावण्यांक कळवतंय, वर्सभर रवले तर रवले, नाय तर दुसरी बघतीत. सोमवारी तोच तुका घेवन पणजेक जातलो होतो." आईनं हळदीची वाटी खाली ठेवली. "झाकली मूठ होती गो ती, सव्वा लाखाची. तुमी शिकलेल्यांनी येवन ती उघडल्यात."

"मग काल बोलली का नाहीस?"

"चायची किटली घेवन उबी होतंय. बोलतंय बोलतंय म्हणासर त्या पोरान तेंका सांगल्यान, तुमचो प्रश्न चुकलो. आनी चुकलो म्हटल्यार तो माणूस काय करतलो? चुकलेल्या प्रश्नाच्या जोरार पोरीक धाडीत? तुझो बापूस तसलो न्हय. आनी सगळे कशे खुशीत होते. तू पण हसत होतंस. मी म्हटलां, उजवीच पडात."

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. चौघांवर वर्ग चालला नाही. दादा एका वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन साखळीला परत गेला. बाजारात कधी भेटतो. आता भाजीचा टेम्पो चालवतो आणि हाक मारतो ती मात्र चिनीत. सिस्टरला भाषा अर्धवट असतानाच कोरियाला पाठवलं. आज्ञा म्हणजे आज्ञा. वहिनी दुकानात बसते. आणि ते सावंतवाडीकडचं स्थळ? देवळात आमच्या मुलीबरोबर कोण एक डिचोलीचा पोरगा 'व्हय म्हाराजा' म्हणत उभा होता, ही बातमी दोडामार्गमार्गे त्यांच्याकडे पोचली आणि पावसाळा संपायच्या आत त्यांनी दुसरी मुलगी बघितली. करायला गेलो गणपती, झाला मारुती. तोवर संस्थेतल्या आमच्या खोलीत दुसराच वर्ग बसायला लागला होता.

मी नंतर बी.एड. केलं, शाळेत लागले, स्वतः पसंत केलेल्या माणसाशी लग्न केलं. यातल्या कशासाठीही बाबांनी कौल लावला नाही. विहिरीसाठी लावत, बैलासाठी लावत. माझ्यासाठी ते पुन्हा कधी देवळात गेले नाहीत. मी काही विचारलं की म्हणायचे, "तुका बरां दिसता ता कर." इतकं मोकळं मला कुणीच सोडलं नव्हतं, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. मी ती अक्षरं पुन्हा कधी काढली नाहीत. फळ्यावर खडू धरला की पहिली रेघ वरून खाली न जाता त्या चिनी अक्षरांसारखी डावीकडून उजवीकडे आडवी जाऊ बघते, तेव्हा मी मुलांना पाठ वाचायला सांगते.

तो मात्र शिकला. दुसऱ्या राज्यात प्रवेश घेतला, पुन्हा पहिल्या वर्षापासून, आणि शेवटी तैवानला गेला. तिथून वर्षा-दोन वर्षांनी फोन करतो. बाबा गेल्याचं कळल्यावर त्यानं लगेच केला. म्हणाला की इथं कुठल्याही देवळात गेलं, ते लाकडाचे तुकडे जमिनीवर पडल्याचा आवाज आला, की त्याला आमचं देऊळ आठवतं आणि अजून संताप येतो.

"काका धाडीत होते गो तुका," तो म्हणाला. "मी बघलंय मा त्यांचो चेहरो. तुमच्या देवान तुझा वाटोळा केल्यान."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. आत आई निजली होती.

"होय," मी म्हटलं. "देवानच."